डावी बाजू परीक्षकांची

मला त्या पुस्तकाचा राग येत असे. अजूनही येतो, आणि या वयात तो लपवायचं काही कारण मला दिसत नाही.

पुस्तक इंग्रजी, जाडजूड, हिरव्या कापडी बांधणीचं. आफ्रिकेच्या अंतर्भागात युरोपातली माणसं पहिल्यांदा शिरली त्या काळातल्या एका साहेबाचं प्रवासवर्णन. पानं पिवळी पडलेली, उलटताना जरा घाई केली की कोपरा हातात यायचा. शेवटी घडी घातलेला नकाशा होता. तो उलगडला की पाटाएवढा व्हायचा आणि त्याच्या मधोमध एक मोठी कोरी जागा. साहेबाच्या लोकांना तिथलं काही ठाऊक नव्हतं, म्हणून कोरी. "पण तिथे राहणाऱ्यांना तर ठाऊक असेलच की," असं मी लहानपणी म्हटलं होतं. अण्णा म्हणाले, "बरोबर. तू आधी लिही."

अण्णा म्हणजे माझे वडील. बडोदे संस्थान होतं तेव्हा ते भाषांतर खात्यात कारकून होते. तिथे इंग्रजी पुस्तकं मराठीत आणायला वाटून देत. निवडीचा प्रश्नच नव्हता. कुणाच्या वाट्याला अर्थशास्त्र आलं, कुणाच्या वाट्याला गुरांचे रोग, अण्णांच्या वाट्याला आफ्रिका. आफ्रिकेत साहेब निम्म्या वाटेवर पोचला आणि इकडे संस्थान विलीन झालं. खातं बंद झालं, माणसं दुसऱ्या कचेऱ्यांत वाटली गेली, अण्णा महसुलात जाऊन बसले. पुस्तक मात्र घरीच राहिलं.

"परत देऊन टाका की," आई म्हणायची.

"पुस्तक घेताना सही केली आहे मी," अण्णा म्हणायचे. "भाषांतर करून देण्यासाठी घेतलं आहे. भाषांतरासकट परत जाईल."

ती सही ज्या वहीत होती ती वही वाळवीनं खाल्ली असेल, हे त्यांना सांगण्यात अर्थ नव्हता. पुढे गुजरात वेगळं झालं, कचेऱ्यांवरच्या पाट्या बदलल्या, आणि आमच्या दांडिया बाजारातल्या दोन खोल्यांमध्ये संस्थानचं भाषांतर खातं सुरूच होतं. एक कारकून आणि त्याची एक लेखनिक. लेखनिक मी.

खात्याची लिहायची एक पद्धत होती. फुलस्केप कागद उभा मधोमध दुमडायचा. उजव्या अर्ध्या भागात भाषांतर लिहायचं आणि डावा अर्धा भाग कोरा सोडायचा. तो परीक्षकांचा. परीक्षक म्हणजे खात्याने नेमलेला जाणकार. तो मूळ पुस्तक शेजारी घेऊन ओळ न् ओळ तपासायचा आणि डाव्या बाजूला लाल पेन्सिलीनं शेरे लिहायचा. शेऱ्यांशिवाय छपाई नाही. खातं गेलं, परीक्षक गेले, पण अण्णा दर रविवारी सकाळी गादीवर बसून आठवड्याचे कागद अंगठ्याच्या नखानं दुमडत राहिले. शाळेत आम्हाला कागदाच्या दोन्ही बाजूंना, समासातसुद्धा लिहायला लावत. घरी अर्धा कागद अशा माणसासाठी कोरा ठेवायचा जो येणारच नव्हता. माझा जीव तळमळायचा.

मी सातवीत होते तेव्हा अण्णांच्या हाताला कंप सुटला आणि लिहिण्याचं काम माझ्याकडे आलं. संध्याकाळी दिवा लागला, शुभंकरोती झालं की मी बैठ्या मेजापुढे बसायची. अण्णा पुस्तक हातात धरून खोलीत येरझारा घालत सांगायचे. सांगायचे म्हणजे काय, भांडायचे. कधी साहेबाशी, कधी मराठीशी, आणि दोघंही हाताला लागले नाहीत की माझ्याशी. साहेबाचं सामान वाहणाऱ्या माणसांना काय म्हणायचं यावर तीन संध्याकाळी गेल्या. "भोई नको, भोई पालखी उचलतो. बिगारी नको, बिगारी वेठीला धरलेला असतो. यांना मोबदला मिळत होता, निदान साहेब तसं म्हणतो." शेवटी 'हमाल' ठरलं. ते मी पहिल्या संध्याकाळी सुचवलं होतं.

आई स्वयंपाकघरातून ओरडायची, "आफ्रिकेत गेलेली माणसं परत आली. तुम्ही जेवायला कधी येणार?"

त्या हमालांमध्ये एक होता. साहेबाचं एक घडीचं मेज होतं आणि ते डोक्यावरून वाहणं एवढंच त्याचं काम. दलदल गळ्यापर्यंत आली तरी मेज डोक्यावर कोरडं. संध्याकाळी मुक्काम पडला की तो ते मांडायचा आणि साहेब त्यावर दिवसभराची हकीकत लिहायचा. हे पुस्तक त्याच मेजावर लिहिलेलं. साहेबाच्या कुत्र्याला पुस्तकात नाव आहे. गाढवाला नाव आहे. एका डोंगराला साहेबाने स्वतःच्या आत्याचं नाव दिलं आहे. या माणसाचा उल्लेख सतरा ठिकाणी येतो आणि सतराही ठिकाणी तो नुसता 'मेजवाला'.

यावर अण्णांचा जो पारा चढला तो कधी उतरलाच नाही. "कुत्र्याला नाव आहे, कुत्र्याला!" म्हणत ते खोलीभर फिरले. मग त्यांनी मला तळटीप लिहायला सांगितली : 'या हमालाचे नाव लेखकाने दिलेले नाही.' एकदा नाही. जिथे जिथे तो माणूस येतो तिथे तिथे. मी सतरा वेळा लिहिली. "पहिल्या टिपेत 'पुढेही असेच समजावे' म्हटलं तर?" असं मी विचारलं. अण्णांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच त्या माणसाचं नाव खाल्लं होतं.

अशी वर्षं गेली. मी मॅट्रिक झाले, पुढे शिकले, मुलींच्या शाळेत भूगोल शिकवायला लागले. आई गेली. माझं लग्न जमलं नाही. त्याचं खापर मी काही वर्षं त्या पुस्तकावर फोडलं, पण ते खरं नाही. खरं एवढंच की बघायला आलेल्या मंडळींसमोर एकदा अण्णांनी पाऊण तास साहेबाच्या हिवतापाबद्दल सांगितलं होतं.

एका संध्याकाळी जूनची गोष्ट निघाली. साहेब लिहितो की ऐन जूनमध्ये नदीचं पात्र कोरडं पडलं होतं, हमाल वाळू उकरून घोट घोट पाणी काढत होते आणि रात्री थंडीनं दात वाजत होते. अण्णा थबकले. "जूनमध्ये? मृग लागल्यावर कोरडी नदी आणि थंडी? छापणाऱ्याची चूक आहे. जानेवारी लिही."

मी म्हटलं, "अण्णा, ते लोक विषुववृत्ताच्या खाली आहेत. तिथे जूनमध्ये थंडीच असते. पाऊसही नसतो. मी सातवीच्या मुलींना हेच शिकवते."

"मुलींना शिकव. इथे जानेवारी लिही."

मी जानेवारी लिहिलं. साहेब मेमध्ये एका गावातून निघाला आणि जानेवारीत पुढच्या गावी पोचला. मधले आठ महिने कुठे होता म्हणून कुणी विचारलं नाही, कारण विचारणारी मी आणि लिहिणारीही मी.

अखेर भाषांतर पुरं झालं. त्या दिवशी मी शिरा केला. अण्णांनी दोन घास खाल्ले आणि म्हणाले, "आता परीक्षक." मला वाटलं होतं आता आफ्रिका संपली, आता संध्याकाळी मी गच्चीवर जाईन, शेजारणीशी गप्पा मारीन. कुठलं काय.

त्याच सुमारास अण्णांना दिव्याभोवती रंगीत कडी दिसायला लागली. काचबिंदू निघाला. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, गेलेली नजर परत यायची नाही. वर्षभरात पुस्तकातलं अक्षर दिसेना, मग माझा चेहरा दिसेना. उजेड कुठून येतो तेवढं कळायचं. त्यांनी आरडाओरडा केला नाही. एकच धोसरा घेतला : "तपासून घे. माझ्या हयातीत डावी बाजू भरून आली पाहिजे. न तपासलेलं भाषांतर म्हणजे नुसते डागाळलेले कागद." त्यांना दुसरं काही नको होतं, छपाईसुद्धा नाही. कुणीतरी जाणत्या माणसानं ते ओळ न् ओळ वाचावं आणि काय चुकलं, काय साधलं ते सांगावं, एवढंच. मी त्यातली ओळ न् ओळ स्वतःच्या हातानं लिहिली होती. पण मी मोजण्यातच नव्हते.

मी हिंडायला लागले. आधी सरकारी कचेरीत गेले. तिथला कारकून चांगला होता, त्यानं बसायला खुर्ची दिली, गठ्ठ्याचं वरचं पान पाहिलं आणि म्हणाला, "बेन, आ तो मराठीमां छे. हवे आपणे त्यां बधुं गुजरातीमां ज." म्हणजे आता तिथे सगळं गुजरातीतच. मग सयाजीगंजात एका प्राध्यापकांकडे गेले. त्यांनी इंग्रजी पुस्तक हातात घेतलं, नकाशा उलगडला आणि त्यांचे डोळे चमकले. "दुर्मीळ आहे हो हे! हे ठेवून जा माझ्याकडे." आणि भाषांतर? "ते राहू द्या. इंग्रजी येणारे इंग्रजीतच वाचतील ना." मी नकाशा त्यांच्या हातातून काढून घेतला. घाईत त्याची एक घडी फाटली, आणि घरी येऊन मी तेवढ्यासाठी रडले, हे आता आठवलं की माझंच मला हसू येतं.

शेवटी पत्ता लागला डभोईचा. तिथे एक निवृत्त हेडमास्तर होते. खात्याच्या शेवटच्या दिवसांत ते परीक्षक होते, आणि माझ्या माहितीप्रमाणे त्यातले तेवढेच हयात होते. अण्णांची त्यांची भेट कधी झालेली नव्हती, पण अण्णा त्यांची कीर्ती ऐकून होते. "कडक शेरे लिहितात म्हणे," असं ते कौतुकानं म्हणाले. खात्याच्या शिस्तीनं अण्णांनी माझ्याकडून मूळ पुस्तकासकट गठ्ठा बांधून घेतला, सुतळीच्या गाठीवर लाख ओतायला लावली आणि लाख गरम असतानाच तिच्यावर आपला अंगठा दाबला. चटका बसला तरी हूं की चूं केलं नाही.

एसटीत गठ्ठा मांडीवर घेऊन मी डभोईला गेले. किल्ल्याच्या दरवाजातून आत, बाजार ओलांडून पलीकडे मास्तरांचं घर. मास्तर झोपाळ्यावर बसले होते. गठ्ठा त्यांनी दोन्ही हातांनी घेतला, हात फिरवला आणि म्हणाले, "ठेवून जा. वाचतो."

तीन महिन्यांनी गेले. "वाचतोय." आणखी दोन महिन्यांनी गेले. "वाचतोय, वाचतोय. घाईचं काम नाही हे." दर खेपेला रविवार जायचा, आणि घरी अण्णा दाराकडे कान लावून बसलेले. "काय म्हणतात?" "वाचतायत." "चांगलं आहे. बारकाईनं वाचत असणार." पाचव्या खेपेला मास्तरांनी गठ्ठा माझ्या हातात ठेवला. "झालं," म्हणाले. "उत्तम आहे. वडिलांना नमस्कार सांगा."

मी गठ्ठ्याकडे पाहिलं. लाख जशीच्या तशी होती. अण्णांच्या अंगठ्याच्या रेषासुद्धा मोडल्या नव्हत्या.

माझा संताप झाला. पाच खेपा! "मास्तर, गाठ तरी सोडायची होती," एवढंच मी म्हणाले. ते मला दारापर्यंत पोचवायला उठले, तेव्हा उंबरा पायानं चाचपून मग त्यांनी पाऊल टाकलं. त्यांनाही दिसत नव्हतं. वर्षभर त्यांनी ते मला सांगितलं नव्हतं, कारण पुष्कळ वर्षांनी कुणीतरी त्यांना परीक्षक म्हणून शोधत आलं होतं. मग माझा राग कुणावर धरावा हेही कळेना, आणि असा बेवारशी राग सगळ्यांत वाईट. परतीच्या बसमध्ये कंडक्टर म्हणाला, "बेन, पोटलुं नीचे मूको ने." गठ्ठा खाली ठेवायचं सोडून मी त्याच्यावर खेकसले. त्या बिचाऱ्याचा काय दोष.

घरी पोचले तेव्हा अण्णा कोट घालून बसले होते. घरात, खुर्चीवर, कचेरीत जायचा काळा कोट घालून. परीक्षकांचे शेरे ऐकायचे म्हणजे बनियनवर कसे ऐकणार.

"काय लिहिलंय? पहिल्या पानावर काय आहे?"

मी गाठ सोडली. लाख मोडल्याचा आवाज त्यांनी ऐकला आणि म्हणाले, "मास्तरांनी पुन्हा लाख लावून पाठवलंय. शिस्तीचा माणूस." मी पहिल्या पानाच्या डाव्या कोऱ्या बाजूकडे पाहिलं. खरं सांगायला तोंड उघडलं आणि माझ्याच तोंडून आलं, "पहिले वाक्य फार लांब झाले आहे. दोन करावीत."

अण्णा ताडकन उठले. "लांब? साहेबाचंच वाक्य लांब आहे! मूळ पाहिलं का यांनी?" पंधरा मिनिटं ते परीक्षकांना झोडपत होते. मग खाली बसले, आणि किती तरी महिन्यांनी त्यांच्या चेहऱ्यावर रंग दिसला. "पण वाचलंय हो त्यांनी," हळूच म्हणाले. "पुढे काय आहे?"

"आज पुरे, अण्णा."

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेतानाच त्यांनी विचारलं, "काल नेमके शब्द काय होते? 'करावीत' की 'करता येतील'?" तेव्हा माझ्या लक्षात आलं की हे नुसत्या तोंडानं निभायचं नाही. शाळेतली लाल पेन्सिल घेतली आणि डाव्या बाजूला शेरा लिहिला. मग रोजचंच झालं. मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीत मी इंग्रजी पुस्तक आणि शब्दकोश घेऊन बसायची, संध्याकाळच्या पानांचे शेरे तयार करायची. खोटे शेरे अण्णांनी पाचव्या मिनिटाला पकडले असते. तेव्हा खरेच लिहावे लागले. ज्या पुस्तकाचं तोंड बघायला नको वाटायचं, ते मी पहिल्यांदाच आपणहून वाचलं, तेही एका थापेपायी. वाटेत मला दिसलं की अण्णांनी काही ठिकाणी साहेबापेक्षा सरस लिहिलं आहे. दलदलीचं प्रकरण तर असं की वाचताना पाय ओले झाल्यासारखे वाटतात. ते मी लिहून घेतलं तेव्हा माझ्या कानावरून गेलं होतं. त्या पानावर मी लिहिलं, 'उत्तम.' अण्णांनी तो शेरा तीनदा वाचून घेतला.

मग जूनचं पान आलं. मी दोन दिवस ते टाळलं. तिसऱ्या दिवशी लिहिलं : 'मूळ जून बरोबर आहे. विषुववृत्ताच्या दक्षिणेस तो थंडीचा, कोरडा महिना. अनुवादकाने जानेवारी केल्यामुळे पुढचा सगळा कालक्रम बिघडला आहे.' वाचताना माझा आवाज जरा चढला असेल.

त्या दिवशी अण्णा जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी म्हणाले, "चूक झाली माझी. जून कर." मग म्हणाले, "माणसाला भूगोल येतो. कुणी आधी सांगितलं असतं तर एवढा घोटाळा झाला नसता."

माझ्या हातात आमटीची वाटी होती. ती मी खाली ठेवली, नाही तर पडली असती. मी सांगितलं होतं! याच खोलीत, याच मेजापाशी, पगारी भूगोल शिक्षिकेनं सांगितलं होतं! ओठांपर्यंत आलेलं मी गिळलं, कारण ते बाहेर पडलं असतं तर त्याच्या मागोमाग डभोईची लाखही बाहेर पडली असती.

राग कुठेतरी निघतोच. माझा निघाला मेजवाल्यावर. पहिल्या तळटिपेशी आलो तेव्हा परीक्षकांनी लिहिलं : 'अनुवादकाने पदरचे काही घालू नये. टीप काढावी.' नियमानं ते बरोबरही होतं.

"टीप राहील," अण्णा म्हणाले.

दुसऱ्या टिपेवर परीक्षकांनी पुन्हा लिहिलं, तिसऱ्या टिपेवर पुन्हा. अण्णा खुर्चीचा हात घट्ट धरून बसलेले. "लिहून घे माझं उत्तर," म्हणाले. "ज्याच्या डोक्यावरच्या मेजावर हे पुस्तक लिहिले गेले, त्याचे नाव लेखकाला विचारावेसे वाटले नाही. तो रोज समोर होता. वाचकाला हे एकदा सांगून भागत नाही, कारण एकदा सांगितलेले माणूस विसरतो." ते मी उजव्या बाजूला लिहून घेतलं. मग मुकाट्यानं डाव्या बाजूला लिहिलं, 'टिपा राहू द्याव्यात,' आणि वाचून दाखवलं. लगेच उत्तर कसं आलं ते अण्णांनी विचारलं नाही. मीच घाबरून म्हटलं, "पुढच्या पानावर त्यांनी आपणहून शेरा बदललाय." "बदलणारच," अण्णा म्हणाले. "विचारी माणूस आहे."

आता तुम्ही म्हणाल, त्यांना कळलं असणार. कथा-कादंबऱ्यांत असं कळतं. नाही कळलं. माझी खात्री आहे, आणि तिचा पुरावा माझ्याजवळ आहे.

शेवटचं पान तपासून झालं त्या संध्याकाळी अण्णांनी पुन्हा काळा कोट मागितला. परीक्षकांना आभाराचं पत्र लिहायचं होतं. "आधी कच्चा मसुदा कर. कागद दुमडून घे." मी कागद मधोमध दुमडला आणि उजव्या बाजूला लिहायला लागले.

'आपण माझे भाषांतर ज्या आस्थेने तपासलेत तिचे ऋण मी विसरणार नाही. आपल्यासारखा जाणता वाचक मला वीस वर्षांपूर्वी भेटता तर हे काम वेगळेच झाले असते. इतकी वर्षे या ग्रंथाविषयी दोन शब्द बोलावेत असे घरात कोणी नव्हते. मुलगी आहे, ती लिहून घेते. अक्षर चांगले आहे.'

"झालं?" अण्णांनी विचारलं.

"हो."

"वाचून दाखव."

मी वाचून दाखवलं. 'मुलगी आहे, ती लिहून घेते' हेही वाचलं. आवाज नेहमीचाच ठेवला, शाळेत हजेरी घेताना असतो तसा. अण्णा समाधानानं म्हणाले, "ठीक. उद्या स्वच्छ करून टपालात टाक." मी स्वयंपाकघरात गेले, नळ सोडला आणि भांडी घासली. ती आधीच घासलेली होती.

पत्र टपालात टाकणं शक्यच नव्हतं. डभोईच्या त्या आंधळ्या मास्तरांना ते कुणीतरी वाचून दाखवलं असतं आणि सगळंच उघडं पडलं असतं. "टाकलं" म्हणून सांगितलं आणि मसुदा गठ्ठ्यात वर ठेवून दिला. उत्तर आलं का म्हणून अण्णांनी बरेच दिवस विचारलं. मी म्हणायची, मास्तर थकले असतील. पुढच्या वर्षी अण्णा गेले. शेवटच्या आजारात त्यांनी शेजाऱ्यांना सांगितलं, "माझं भाषांतर तपासून झालंय."

इंग्रजी पुस्तक मी ग्रंथालयात नेऊन दिलं. तिथल्या बाईंनी ते उलटसुलट पाहिलं, आमच्याकडे याची नोंद नाही म्हणाल्या, पण ठेवून घेतलं. भाषांतर घ्यायला तयार नव्हत्या. त्यामुळे अण्णांच्या मनात होतं त्याच्या उलटंच झालं. पुस्तक भाषांतराशिवाय परत गेलं आणि भाषांतर माझ्याकडे राहिलं.

निवृत्त झाल्यावर दांडिया बाजारातल्या खोल्या सोडून मी वासण्याला छोटा फ्लॅट घेतला. सामान लावताना गठ्ठा सोडला. डाव्या बाजूंवर माझी लाल पेन्सिल फिकी पडली होती, पण वाचता येत होती. सगळी पानं भरलेली. फक्त वरचा तो पत्राचा मसुदा तेवढा अर्धा कोरा. मला वाटलं होतं राग ओसरला असेल, इतकी वर्षं झाली, माणूस गेला. मी पत्र उभ्या उभ्या वाचलं. मुलगी आहे, ती लिहून घेते.

पर्समध्ये लाल पेन्सिल नव्हती. खाली दुकानात गेले, घेतली, तिथेच टोक काढून मागितलं. वर येऊन बैठ्या मेजापुढे बसले. गुडघे दुखतात, तरी खालीच बसले. आणि त्या ओळीसमोर, डाव्या बाजूला, परीक्षक म्हणून लिहिलं :

'हिचे नाव लेखकाने दिलेले नाही.'